घड्याळ बरोबर होतं

बारक्या चाळिशीला टेकला होता आणि दारातून आत येताना त्याला वाकावं लागायचं, तरी घरात त्याचं नाव बारक्याच राहिलं. परदेशात तो क्रेन चालवायचा. एका सकाळी क्रेनची साखळी तुटली, खाली उभा असलेला माणूस जागच्या जागी गेला, आणि कोर्टाने सगळा दोष बारक्याच्या माथी मारला. शिक्षा लांबलचक झाली. तेव्हापासून आई आणि ताई त्याला महिन्यातून एकदा व्हिडिओवर भेटायच्या. तुरुंगाच्या वेबसाइटवर वेळ मागायची, मिळाली की त्या वेळेला पडद्यासमोर हजर राहायचं. भेट वीस मिनिटांची. आपल्याला उशीर झाला की ती रद्द.

ताई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायची. मेणात एकेक दात बसवायचा, प्लास्टरचे साचे घासायचे. संध्याकाळपर्यंत हात कोपरापर्यंत पांढरे. जेवणाच्या सुट्टीत ती लॅबच्याच कॉम्प्युटरवर भेटीची वेळ मागायची. आधी दोन देशांतला फरक ती बोटांवर मोजायची. पण तिकडे उन्हाळ्यात घड्याळं पुढे सरकवतात, हिवाळ्यात मागे घेतात, आणि त्या भानगडीत एकदा भेट हुकता हुकता वाचली होती. त्यामुळे वेबसाइट स्वतःच ‘तुमच्या इथली वेळ’ दाखवायला लागली आणि कॅलेंडरमध्ये नोंदही आपोआप पडायला लागली, तेव्हा तिला हायसं वाटलं.

त्याच सुमारास लॅबच्या मालकीणबाईंनी एक जुना टॅबलेट तिला देऊन टाकला. मोबाईलच्या पडद्यावर आईला लेकाचं तोंड धड दिसत नव्हतं. टॅबलेटवर कॅलेंडर उघडलं तर भेट पाचला होती. कॉम्प्युटरवरही पाच. मोबाईल मात्र तीन म्हणत होता. मोबाईलची काच तडकलेली, तो मधूनच बंद पडायचा, बोलता बोलता आवाज गिळायचा. दोघं एक सांगतायत आणि हे खुळं तिसरंच काहीतरी, असं म्हणून ताईने पाच धरले.

त्या दिवशी आई ठेवणीतले कपडे घालून दुपारपासूनच टॅबलेटसमोर बसली. पाचला ताईने लिंक दाबली. पडद्यावर आलं, भेटीची वेळ संपली आहे. आईने विचारलं, “काय म्हणतंय?” ताईने सांगितलं, तिकडचं नेट गेलंय.

दुसऱ्या दिवशी तिने वेबसाइटच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलायची आणि कागदावरचं वाचून दाखवायची. ती म्हणाली, सगळ्या उपकरणांवर टाइम झोन एकच आहे का ते बघा. ताईने बघितलं. कॉम्प्युटर आणि टॅबलेटवर एकच झोन होता, कुठल्याशा शहराचा, मोबाईलवर दुसरा. तिने मोबाईलचा झोन त्या दोघांसारखा केला. तसं मोबाईलचं घड्याळ दोन तास पुढे पळालं, म्हणून ते तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून हाताने मागे आणलं. आता तिन्हींवर वेळ तीच आणि भेटही एकाच आकड्यावर. एवढं आपल्याला जमलं याचं तिला बरंच वाटलं. घडलं ते कळवायला तिने बारक्याला निरोपही पाठवला. पण तिथे प्रत्येक निरोप आधी तुरुंगाचं ऑफिस वाचतं, मग सवडीने हातात देतं.

पुढच्या महिन्यात तिघांनी मिळून तिला चुकीची वेळ सांगितली. पडद्यावर तेच वाक्य आलं. या वेळी आई उठून आत गेली आणि कपडे बदलून आली.

भानगड उलगडली ती योगायोगाने. लॅबमधलं कृत्रिम दात कोरून काढायचं मशीन अडून बसलं होतं, म्हणून कॉम्प्युटरवाला आला. कॉम्प्युटरचं घड्याळ बघून तो हसायला लागला, तेव्हा ताईने हुकलेल्या भेटी सांगून पिशवीतला टॅबलेट आणि मोबाईलही पुढे केला. मशीन बसवायला परदेशातून आलेल्या इंजिनियरने कॉम्प्युटर आणि टॅबलेट, दोन्हींवर त्याच्या स्वतःच्या देशाचा झोन ठेवला होता. वेळ चुकीची दिसते म्हणून मालकीणबाईंनी झोनला हात न लावता नुसते काटे फिरवले होते. घड्याळ बरोबर दिसत होतं, पण कॉम्प्युटर मनाने अजून त्याच देशात बसला होता आणि प्रत्येक भेटीत दोन तास घालत होता.

“म्हणजे माझा मोबाईल बरोबर होता?” ताईने विचारलं.

“तुम्ही हात लावेपर्यंत,” तो सहज म्हणाला, आणि तिन्ही उपकरणं एकापाठोपाठ एक नीट करून दिली. चहा निवायच्या आत काम झालं. ताई हातात मेणाचा जबडा धरून तशीच उभी होती.

तिसऱ्या भेटीला सगळं जुळलं. तीन वाजले, पडदा उजळला आणि खुर्चीत बारक्या दिसला. केस बारीक कापलेले, मान खाली.

आई म्हणाली, “वाळलास रे. जेवतोस ना?”

तो म्हणाला, जेवतो. ताईने घाईघाईने सांगायला सुरुवात केली: झोन, टॅबलेट, इंजिनियर, हाताने फिरवलेलं घड्याळ. लॅबमध्ये ऐकताना जे अगदी साधं वाटलं होतं, ते आता तिच्या तोंडून घरी बसून रचलेल्या बहाण्यासारखं निघत होतं. तिलाही ते ऐकू येत होतं, पण थांबता येईना. त्यातच बराच वेळ गेला. बारक्याने मध्ये तोडलं नाही.

ती थांबल्यावर तो म्हणाला, “खोटं नाही म्हणत मी, ताई. तुझा निरोपही मिळाला. मागच्या आठवड्यात.”

मग त्याने सांगितलं की भेट असली की सकाळीच खोलीतून काढतात. अंगझडती होते. बाकड्यावर रांगेत बसवतात. एकेकाचं नाव पुकारतात, तो आत जातो, रडून किंवा हसून बाहेर येतो. त्याचंही नाव पुकारलं, तो आत गेला आणि काळ्या पडद्यासमोर बसून राहिला. मग पुन्हा झडती. दुसऱ्या वेळी पहारेकऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. तो हात त्याला सहन झाला नाही.

“आता नका मागू वेळ,” तो म्हणाला. “भेट ठरली की मी महिनाभर तेवढंच धरून बसतो. तुमची चूक नाही. पण परत असं झालं तर माझं काही खरं नाही.”

ताई म्हणाली, “आता नाही होणार. सगळं दुरुस्त केलंय.”

“हो,” तो म्हणाला. तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला, हे कळत होतं.

आईने पडद्याकडे झुकून विचारलं, “काय म्हणतोय तो? आवाज तुटतोय का?” आवाज अजिबात तुटत नव्हता. बारक्याने आईला तब्येत सांभाळायला सांगितलं, पहारेकऱ्याकडे बघून मान हलवली आणि उठला. वेळ शिल्लक होती. रिकामी खुर्ची काही क्षण दिसत राहिली, मग पडदा विझला.

पुढच्या महिन्यात ताईने वेळ मागितली. उत्तर आलं: कैद्याने भेट नाकारली आहे. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. आई आधी दर रविवारी विचारायची, मग कधीतरी, मग तिने टॅबलेटवर कापड टाकलं आणि विषय काढणं सोडलं. ताईने हेल्पलाइनला फोन करून पाहिला. गोड बोलणारी मुलगी म्हणाली, यात आमच्याकडून काही होण्यासारखं नाही, अजून कशात मदत करू का?

ताई अजून दर महिन्याला लॅबच्या कॉम्प्युटरवर बसून वेळ मागते. मालकीणबाई एकदा न राहवून म्हणाल्या, “अगं, तो नाहीच म्हणणार, माहितीये ना तुला?”

ताई हातावरचं प्लास्टर खरवडत म्हणाली, “माहितीये. पण नाही म्हणवून घ्यायला तरी कोणीतरी त्याच्या दाराशी जात असेल ना? तुझ्या बहिणीने विचारलंय, एवढं तरी सांगत असतील.”

तिथले लोक खरंच सांगतात की नुसती कागदावर नकाराची खूण करून मोकळे होतात, हे त्या दोघींनाही कळायला मार्ग नव्हता.