तेल निवण्याआधी

मित्रांनो, मी एक जुना घनतामापक आहे. नाव भारदस्त असलं, तरी मी एक काचेची कांडी. पोटात शिशाचे छरे, वर बारीक रेघा. सांगलीच्या विश्रामबागेत मानसिंग यांच्या तेलगिरणीत माझी सारी उमर गेली. मला एकच काम येतं. जड तेलात मी वर तरंगतो, हलक्यात खोल बुडतो. एरंडेलात सर्वांत उंच राहतो, करडईच्या तेलात बराच खाली, शेंगतेलात आणखी जरा खाली. पामतेल त्याहूनही हलकं.

गिरणीत शेंगतेल तानुबाई काढायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, निवलेल्या तेलात त्या मला सोडायच्या. बारा वर्षं मी एकाच रेघेवर थांबलो. "तानुबाईंचं तेल चोख," असं मालक सगळ्यांना सांगायचे. मलाही पुसून कापसात ठेवायचे. तेव्हा बरं वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात धैर्यशील नावाचं एक गिऱ्हाईक भेसळीची तक्रार घेऊन आलं. चिडलेल्या मालकांनी मशीनमधून पडणारं, हाताला चटका देणारं तेलच भांड्यात धरलं.

"आवं मालक, निवू द्या की," तानुबाई म्हणाल्या. "रोज सकाळी बघतोय, आजच गरम का?"

मालकांनी ऐकलं नाही. तेल तापलं की फुगतं, हलकं होतं. मी रेघ सोडून खोल गेलो.

"पामतेल मिसळलं व्हय, तानुबाई?" मालकांनी गिऱ्हाइकासमोर विचारलं.

तानुबाईंनी हात पुसले, पदर सावरला आणि त्या निघून गेल्या.

संध्याकाळी मालकांच्या मुलीने, प्रांजलने, तेच तेल निवल्यावर मला पुन्हा त्यात सोडलं. मी नेहमीच्या रेघेवर उभा राहिलो. मालक मला खिशात घालून तसेच तानुबाईंच्या घरी गेले. तानुबाईंनी चहा दिला.

"माझं चुकलं," मालक म्हणाले. "उद्यापासनं या."

"राग न्हाई मालक. पर बारा वर्सं एका बाजूला आन ही कांडी एका बाजूला, तवा तुमी कांडीकडं बघितलं. आता न्हाई यायाची मी."

तेव्हापासून मी कपाटात आहे. तोच कापूस आहे, वर धूळ आहे. दुःख होतं असंही नाही. मी खोटं बोललो नव्हतो, एवढंच आठवतं, आणि त्याचा काही उपयोग नाही.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, पडू देऊ नका. पण माझ्यावरून कुणाला खोटं ठरवण्याआधी तेल निवू द्या. त्या दिवशी तासाभरात निवलं असतं.