गुरगुर बंद झालेला जिमी

वारूळवाडीत अमृतच्या द्राक्षबागेवर जिमी नावाचा अल्सेशियन कुत्रा होता. कामाला येणाऱ्या बायांवर तो गुरगुरायचा, म्हणून २००३ साली अमृतने बोरी बुद्रुकहून रखमाजीला आणलं. कुत्री सरळ करण्यात रखमाजीचं आसपास नाव होतं. जिमी गुरगुरला की गळपट्टा आवळायचा आणि पाठीत चामडी पट्टा हाणायचा, ही त्याची रीत.

बागेला लागूनच स्नेहाच्या वडिलांचं रान होतं. ती पुण्यात मानसशास्त्रात एम. ए. करून आता नारायणगावच्या एका कॉलेजात शिकवत होती. चार दिवस तिने ते केकाटणं ऐकलं. पाचव्या दिवशी ती बांध ओलांडून आली.

"काका, तो भितोय म्हणून गुरगुरतोय. नवं माणूस बघून तो गुरगुरला की तुम्ही मारता. माणूस आलं की मार बसतो, एवढंच तो शिकतोय. बाया लांब असतानाच त्याला खायला द्या. मग रोज थोडं थोडं जवळ आणा."

रखमाजी अमृतकडे बघून म्हणाला, "चावऱ्या कुत्र्याला पेढं चारा म्हणत्यात मॅडम. पुस्तकातलं कुत्रं चावत नसंल."

"गुरगुरून तो आधी सांगतो तरी. ते मारून बंद केलंत तर न सांगता चावेल."

"स्नेहा, तुझी शिकवणी कॉलेजात घे," अमृत म्हणाला. "माझ्या बागेत परत पाय ठेवू नको."

ती संतापून घरी आली. "चावू दे एकदा कुणाला तरी, मग कळेल," असं आईजवळ बोलली.

आठवड्याभरात जिमी गप्प झाला. रखमाजीने बायांना सांगितलं, आता खुशाल जवळून जा. दोन दिवसांनी त्यांच्यातली लंकाबाई टाकीवर पाणी भरायला गेली. बाजूला बांधलेल्या जिमीने आवाज न करता तिचा उजवा हात धरला. चौदा टाके पडले.

"त्या पोरीनंच बांधावरनं काहीबाही चारून बिघडवलं त्याला," रखमाजी सगळ्यांना सांगत सुटला. अमृत कुत्रा माळशेज घाटात सोडायला निघाला, तेव्हा स्नेहा आडवी गेली. त्याने साखळी तिच्या पायाशी फेकली.

तिने जिमीला आपल्या रानात नेलं आणि उकडलेल्या अंड्याचे तुकडे देत माणसांची सवय लावायला सुरुवात केली. तीन आठवड्यांनी रस्त्यावरचा माणूस बघून जिमी पुन्हा गुरगुरला. तिने त्याला दटावलं नाही, फक्त मागे नेलं. दोन महिन्यांनी तो वडिलांच्या गड्यांच्या हातून खाऊ लागला.

मग ती लंकाबाईकडे गेली. लंकाबाई दारात डाव्या हाताने तांदूळ निवडत होती. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती.

"मावशी, कुत्रा आता सुधारलाय."

"तुला आधीच ठाऊक व्हतं म्हणं, तो चावंल."

"हो. मी अमृतभाऊला सांगितलं होतं."

"त्याला सांगितलंस. रखमाजीला सांगितलंस. पाणी भराया तर आमी जात व्हतो. आमाला का नाय सांगितलंस?"

बायांना सांगावं, हे स्नेहाच्या मनातच आलं नव्हतं. तिचं भांडण त्या दोघांशी होतं. ती खाली बसायला लागली, तशी लंकाबाईने सूप आपल्याकडे ओढलं.

"बसू नगंस. जा."

पुढे कित्येक महिने, स्नेहा जिमीशिवाय एकटी येताना दिसली तरी लंकाबाई रस्त्याच्या पलीकडून जायची.