मागचं बेअरिंग

बाळ खांबेटे एकाहत्तर वर्षांचे होते, आणि अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनमधली सगळी मराठी मंडळी त्यांना बाळकाका म्हणायची. पत्नी शरयू गेल्यापासून घरात त्यांच्याशी बोलायला मायक्रोवेव्ह तेवढा उरला होता. म्हणून ते रोज सकाळी त्यांच्या मित्राच्या, वॉल्टच्या गॅरेजमध्ये जाऊन बसत. चाळीस वर्षं इंजिनांत हात काळे केलेला माणूस, वॉल्टलाही हवाच होता.

वॉल्टच्या जुन्या मोटारींच्या क्लबकडे १९११ सालची मोटार होती. सप्टेंबरात ती ओहायोहून थेट सिॲटलपर्यंत चालवत न्यायची आणि शेजारी मेकॅनिक म्हणून काकांनी बसायचं, असं ठरलं होतं. सिॲटलच्या जरा अलीकडे रेडमंड. तिथे मुलगा परीक्षित, सून आणि सहा वर्षांची नात रीमा. चार वर्षांत तिकडून 'या' असं कुणी म्हटलं नव्हतं. पण मोटार गावावरूनच जाणार असेल, तर तासभर डोकावायला आमंत्रण कशाला लागतं? एवढ्या एका गोष्टीवर काका दोन महिने तरंगत होते.

त्याआधी आठशे मैलांची चाचणी झाली. आता इंजिन उघडून झीज मोजायची होती. वॉल्ट बाहेर फोनवर होता. पुढची दोन बेअरिंगं झकास निघाली. मागचं काढलं आणि काकांचा हात थांबला. आतला पांढरा धातू ओरबाडून निघाला होता, फट हवी त्याच्या तिप्पट.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. या जुन्या इंजिनाला तेल आपोआप मिळत नाही. शेजारी बसलेल्याने दर पाच मैलांनी हातपंप दाबायचा असतो. चाचणीच्या तिसऱ्या दिवशी, चढावर, काकांच्या मोबाइलला जोडलेल्या श्रवणयंत्रात फोन वाजला होता. परीक्षितचा. काका हॅलो, हॅलो म्हणत राहिले, पलीकडे उत्तर नाही. परीक्षितच्या खिशातून चुकून लागलेला फोन. बंद करायला हवा होता. पण तिकडे भांडी वाजत होती, सून काहीतरी विचारत होती, रीमा खदखदून हसत होती. काका ऐकत राहिले. चाळीस मिनिटं. पंप आठवला तो तिकडून फोन कट झाल्यावर.

ही झीज अजून दुसऱ्या कुणी पाहिली नव्हती. झाकण बसवून कागदावर बरा आकडा टाकला, की सप्टेंबर हातात. कदाचित मोटार चाललीही असती. नाही तर रॉकी पर्वताच्या उतारावर इंजिन जाम होणार, मागची चाकं जागीच अडकणार, आणि स्टिअरिंगवर वॉल्ट असणार. काकांना स्वतःचा राग आला, मग परीक्षितचा, मग पुन्हा स्वतःचा. त्यांनी बेअरिंग पुसून टेबलावर ठेवलं. मग त्यांनी वॉल्टला हाक मारली आणि सगळं सांगून टाकलं.

वॉल्टने धातूवरून बोट फिरवलं. आत नवा धातू ओतून घ्यायचा तर त्या कारागिराकडे नंबर लागेपर्यंत हिवाळा येणार, घाट बर्फाने बंद होणार. म्हणजे या वर्षी प्रवास रद्द. तो चिडला नाही, त्याचंच काकांना जास्त लागलं. इतका वेळ कोण बोलत होतं, एवढंच त्याने विचारलं.

"कुणीच नाही," काका म्हणाले. "मी नुसतं ऐकत होतो."

वॉल्टने हात पुसले. "बाळ, विमानाने पाच तास लागतात. जाऊन ये ना."

"विमानाने गेलो, तर दारात उभं राहून सांगू काय? कशाला आलो?"

वॉल्टच्या मुली दर रविवारी न कळवता येऊन टपकायच्या, त्यामुळे त्याला प्रश्नच कळला नाही. सांग की आठवण आली, तो म्हणाला.

काकांनी मान हलवली. बरोबरच होतं ते. फक्त एवढं साधं वाक्य त्यांनी परीक्षितला तो लहान असतानाही कधी म्हटलं नव्हतं, आणि आता ते कुठल्या तोंडाने म्हणायचं, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.