पाच लिटर काकवी

लाखांदूरच्या बाजारात ललिताबाईंनी देवाजीला चोर म्हटलं, तेव्हा आजूबाजूची माणसं हातातलं काम सोडून बघू लागली.

ललिताबाई आणि त्यांचा नवरा खुशाल काकवीची बिस्किटं भाजून विकत. खुशाल नागपूरच्या एका बेकरीत हे काम शिकला होता. तिथलं प्रमाण त्याला पाठ होतं: दहा किलो कणकेला पाच लिटर काकवी. आसगावचा देवाजी दर बाजाराला गुळाबरोबर उसाची काकवीही आणायचा आणि लिटरच्या मापाने मोजून द्यायचा. पण एक्याऐंशीच्या जानेवारीत थंडी अशी पडली की काकवी मापातून सुटेचना. तेव्हा देवाजीने तराजू काढला. "पाच लिटर म्हणजे पाच किलोच ना," असं म्हणत ललिताबाईंनी दोन घाण्यांसाठी दोन डबे भरून घेतले.

त्या दिवशीची बिस्किटं खडखडीत निघाली. हातात घेतली की भुगा. ललिताबाईंनी दुसऱ्या घाण्यासाठी आणलेला पाच किलोचा डबा उन्हात ठेवून पातळ केला आणि घरच्या लिटरच्या मापाने मोजला. साडेतीन मापं भरली. वर जेमतेम घोटभर उरली. त्यांनी पुन्हा मोजली. तेवढीच.

त्या तशाच डबा आणि माप घेऊन बाजारात आल्या.

"काकाजी, पाच लिटरची साडेतीन लिटर देता? कधीपासून फसवून राहिले आमाले?"

देवाजी साठीचा माणूस. "बाई, तुमच्यासमोरच त तोललो," एवढंच तो म्हणाला. गूळ घ्यायला वाकलेल्या एका गिऱ्हाइकाने हातातली ढेप खाली ठेवली आणि ते निघून गेलं.

देवाजीने डबा तराजूवर चढवला. रिकाम्या डब्याचं वजन वजा करून काकवी पाच किलो भरली. मग ललिताबाईंच्या मापाने मोजली. साडेतीन. आता देवाजीच घाबरला. "माही वजनं खोटी झाली का?"

शेजारच्या चहावाल्याकडून पाणी आणलं. रिकाम्या मापाइतका दगड दुसऱ्या पारड्यात ठेवून मापभर पाणी तोललं, बरोबर एक किलो. तेच माप पुसून काकवीने काठोकाठ भरलं आणि पारड्यात ठेवलं. एक किलोचं वजन पुरलं नाही. दोनशे ग्रॅम टाकलं. आणखी दोनशे टाकलं, तेव्हा काटा मधे आला.

माप तेच, फक्त आतली वस्तू जड. आणि ललिताबाईंनी भरबाजारात एका म्हाताऱ्याला चोर ठरवलं होतं.

"चूक माही आहे," त्या मोठ्याने म्हणाल्या. "काकाजींचा तोल बरोबर आहे. सगळ्यायनं आयका." पण अर्धे लोक तोवर पांगले होते.

पुढच्या बाजाराला देवाजी आला नाही. ललिताबाई एसटीने आसगावला गेल्या. देवाजीची बायको आनंदाबाई दारातच म्हणाली, "आठ दिस झाले, घरात दिसंल ते तोलून राहिले. दूध, तेल, पाणी. धड जेवत नाही."

देवाजी ओसरीवर बसला होता. ललिताबाई त्याच्या पाया पडल्या.

"तुमचा राग नाही, बाई," तो म्हणाला. "चाळीस वरसं काकवी ईकली. लिटर अन् किलो एक नाही, हे मलेच मालूम नोतं. तुमी चोर म्हटलं तवा मले वाटलं, खरंच असन."

ललिताबाईंना रडू आवरेना. देवाजीने त्यांना पाच लिटरांची सात किलो काकवी तोलून दिली. त्या काकवीची बिस्किटं मऊ निघाली. खुशालने आपल्या प्रमाणातला लिटर त्या दिवसापासून काढून टाकला.

"आता बाजारात याल ना?" आसगावहून निघताना ललिताबाईंनी देवाजीला विचारलं होतं.

"येतो," तो म्हणाला होता. "पन पयलं गिऱ्हाईक येईस्तोवर माह्याजवळ उभ्या राहा."

मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, ललिताबाई सकाळीच त्याच्या तराजूशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. पहिलं गिऱ्हाईक यायला दुपार झाली.