आधी मावशीचं रक्त

अंधेरीच्या एमआयडीसीत आमचं संशोधन केंद्र आहे. जनुकं वाचायचं मशीन एकच, आणि त्यावर टपलेली कॉलेजं ढीगभर. कुणी तिथे मशीन चालवायला शिकतं, आणि माझ्यासारखी संख्याशास्त्रवाली सगळ्यांच्या आकड्यांत नाक खुपसायला शिकते. मला हे नाक खुपसणं मनापासून आवडायचं. ॲश्लीचे आकडे माझ्याकडे येईपर्यंत.

ॲश्ली मरोळ गावठाणातली, केंद्रातली माझी एकमेव धड मैत्रीण. संधिवाताचे पेशंट आणि धडधाकट माणसं यांच्या रक्तात कोणती जनुकं वेगळी वागतात, हा तिचा विषय. पेशंटचं रक्त औषध सुरू व्हायच्या आधीच घ्यावं लागतं, कारण गोळ्या पोटात गेल्या की रक्तातलं चित्र बदलतं. तिच्या शब्दावर गावठाणातल्या लोकांनी हात पुढे केले. तिच्या डोरोथी मावशीनं तर कहरच केला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या, ॲश्लीच्या रक्ताच्या नळ्या यायला उशीर होत होता, तर ही बाई कुणाला न सांगता गोळ्या डब्यात टाकून बसली. बोटं सुजून तिला चहाचा कप धरता येईना, तेव्हा घरात कळलं. तोवर तिनं रक्त देऊनही टाकलं होतं.

निकाल झकास आला. शेकडो जनुकं वेगळी. आमचे केंद्रप्रमुख अनिरुद्ध सर बेहद्द खूश. मी मात्र कुठला नमुना कधी चालवला ते पाहिलं. सगळे पेशंट एका दिवशी, एका किटवर, म्हणजे रसायनांच्या एकाच पेटीवर. सगळे धडधाकट पुढच्या महिन्यात, दुसऱ्या किटवर. दिसतोय तो फरक आजाराचा की किटचा, हे आता ब्रह्मदेव आला तरी सांगू शकणार नव्हता. प्रत्येक वेळी दोन्हीकडचे नमुने मिसळून चालवायचे, हे आम्हाला अगदी सुरुवातीलाच शिकवतात. ॲश्ली माझ्या शेजारी बसून ते शिकली होती.

मी तिला फैलावर घेतलं. तिनं काहीच नाकारलं नाही. आमच्याकडे मशीनवर पुढचा नंबर कधी लागेल याचा भरवसा नसतो, आणि फ्रीझर सगळ्यांचा. दिवसभर कुणी ना कुणी तो उघडून उभा. "मला कळत होतं गं," ती म्हणाली. "पण मावशीचं रक्त तिथे ताटकळत ठेवू? खराब झालं असतं तर?"

मला इतका राग आला, आणि तो काढायला समोर माणूस सापडेना.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, सॉफ्टवेअरमध्ये किटचा फरक काढून टाकायची दुरुस्ती असते, ती कर आणि सोमवारी सही करून अहवाल दे. ॲश्लीची फेलोशिप संपत आली होती, माझं प्रशिक्षणही त्यांच्याच शेऱ्यावर पूर्ण व्हायचं होतं; हे त्यांनी हसत हसत ऐकवलं. मी दुरुस्ती करून पाहिली. केली की फरक सगळाच धुऊन जात होता, नाही केली तर अहवाल खोटा. नव्यानं रक्त घ्यावं तर सगळे पेशंट आता औषधांवर. जिकडे वळावं तिकडे भिंत होती, आणि मला मनापासून पळून जावंसं वाटत होतं.

ॲश्लीनं मला सही कर म्हणून एकदाही विनवलं नाही. रविवारी मावशीकडे चल, एवढंच म्हणाली. मला पाघळवायला नेतेय हे न कळण्याइतकी मी बावळट नाही. तरी गेले.

मावशीनं स्वतः पीठ मळून गावठाणातले गोल, गोडसर फुगे तळले होते. बोटं सरळ होत होती, गोळ्या लागू पडल्या होत्या. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी रविवारची, ती तळहातावर घेऊन तिनं विचारलं, "काय गो, कसा आला तुझा रिझल्ट?"

ॲश्लीनं ताटलीतला फुगा उगाच कुस्करला. मावशी तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"नाय आला बरोबर? मग आजपासून गोळी नाय घेत. थोडे आठवडे सोडते, परत घे रक्त."

बाजारात राहिलेली कोथिंबीर आणायला परत जाते म्हणावं, इतक्या सहज म्हणाली. ॲश्लीनं नुसतीच नको म्हणून मान हलवली. मावशीनं गोळी ताटलीच्या कडेला ठेवली आणि माझ्याकडे वळली.

"तू आकडेवाली ना? तू सांग. तू खोटं नाय बोलणार, ही नेहमी सांगते."

"छान आला, मावशी," मी म्हटलं. "परत रक्त लागणार नाही."

"तू स्वतः बघितलंस?"

"स्वतः बघितलं."

तिनं गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली, आणि माझ्या पुढ्यात आणखी दोन फुगे ठेवले. 

रिक्षात ॲश्ली म्हणाली, "उद्या सरांना खरं ते लिहून दे. मीपण खाली सही करते." फेलोशिपचं काय, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी सह्या केल्या. दुपारी ॲश्लीच्या आईचा फोन आला. मावशीनं संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये रक्त दिलेल्या सगळ्यांना बोलावलं होतं, रिझल्ट छान आला म्हणून पेढे वाटायला, आणि आम्ही दोघींनी यायलाच हवं होतं.