न उचललेले फोन

ऐन झरझूर गावात वाजलेला फोन उचलणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाही तर बेअक्कल. एक रिंग द्यायची आणि कापायचं; समोरच्याने ती ऐकायची आणि वाटलं तर एक परत द्यायची. याला सगळा ट्युनिशिया बीप म्हणतो. बाकीचे लोक मात्र अधूनमधून बोलतातही. ऐन झरझूरचे लोक बोलायचं ते समोर बसून बोलतात आणि फोनवर नुसते बीप देतात. मेंढ्या घेऊन परत फिरलेल्या नवऱ्याने तीन बीप दिले की घरी चहाचं आधण चढतं. ऑलिव्हच्या हंगामात घाणेवाला बेलगासेम एक बीप देतो, म्हणजे तुमचा नंबर आला, पोती गाढवावर लादा.

आणि दिवस मावळला की म्हातारा दाऊ ट्युनिस शहरात राहणाऱ्या आपल्या मुलीला, हयातला, एक बीप देई. म्हणजे, मी आहे. हयात एक परत देई. म्हणजे, मीही आहे. ती शिकायला गाव सोडून गेली तेव्हापासून हे चालू होतं. आई गेली त्या संध्याकाळीसुद्धा ते चुकलं नव्हतं.

हयात खूप शिकली आणि एका फोन कंपनीत मोठ्या खुर्चीवर बसली. टॉवर कुठे उभा करायचा, कुठला बंद करायचा, कुठल्या लहरी कुठे वळवायच्या, हे धोरण तिच्या टेबलावर ठरे. दाऊने गावात त्याचा सोपा अर्थ लावून दिला होता: "देशातले सगळे फोन माझ्या पोरीच्या हुकमाने वाजतात." लोक त्याची टिंगल करत, पण पोराबाळांना हयातचंच उदाहरण देत.

त्या वर्षी कंपनीने जुनं जाळं गुंडाळायचं ठरवलं. दोन-दोन जाळी पोसणं जड जात होतं. डोंगरातल्या टॉवरना डिझेल पोचवता पोचवता माणसं मेटाकुटीला येत, आणि तिथे अडकलेल्या लहरी शहरातल्या नव्या जाळ्याला हव्या होत्या. आधी कुठले टॉवर बंद करायचे, याचा निकष हयातने काढला. साधा होता, आणि तिला तो न्यायाचा वाटला. जिथे लोक बोलतच नाहीत तिथला टॉवर आधी बंद. महिन्याभरात किती मिनिटं बोलणं झालं तेवढं बघायचं, गावाचं नाव बघायचं नाही. नकाशावर ऐन झरझूर लाल झालं तेव्हा तिला वाईट वाटलं. पण आपलं गाव म्हणून आपण सूट दिली नाही, याचा थोडा अभिमानही वाटला. असला अभिमान माणसाला आंधळं करतो, आणि वर आपण फार डोळस आहोत असं वाटायला लावतो.

संचालकांची बैठक तळ्याकाठच्या कचेरीत होती. काचेतून मावळतीचं ऊन टेबलावर आलं होतं. हयातची योजना सांगून झाली, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि टेबलावर ठेवलेला तिचा फोन एकदाच थरथरून थांबला.

"घ्या हो फोन, हयातबाई," मुख्य संचालक मोन्सेफसाहेब म्हणाले. "मंत्र्याचा असला तर आमचीही आठवण काढा."

"वडिलांचा आहे. तो उचलायचा नसतो."

"म्हणजे?"

"बीप आहे, साहेब. उचलला तर आठवडाभर माझ्यावर रुसून बसतील."

टेबलाभोवती हशा पिकला. "आमची म्हातारी तश्शीच!" कुणीतरी म्हणालं. हयातही हसली, आणि हसता हसता तिला नकाशा आठवला. न उचललेला फोन म्हणजे शून्य मिनिटं. तिने मोजले होते ते फक्त उचललेले फोन. ज्या टॉवरला तिने मुका ठरवलं होतं तो दिवसभर वाजत होता. नकाशावरच्या बाकी लाल ठिपक्यांचं काय, तेही आता तिला ठाऊक नव्हतं.

थांबा, मोजण्यात चूक झालीय, एवढंच म्हणायचं होतं. पण मोन्सेफसाहेब लगेच विचारतील, हे आत्ताच कुठून सुचलं? कुणीतरी तिच्या गावाचं नाव काढील आणि बाकीचे गालातल्या गालात हसतील. शिवाय न उचललेल्या फोनवर कंपनीला काय मिळतं, हा प्रश्न होताच, आणि त्याचं उत्तर तिला सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं. दोन वर्षं घासून उभी केलेली योजना होती ती. कुणी काही विचारायच्या आतच तिने स्वतःला सगळी उत्तरं देऊन टाकली आणि मूग गिळून बसली. मंजुरीचे हात वर झाले. बैठक संपल्यावर तिने बाहेर येऊन वडिलांना बीप परत दिला.

टॉवर बंद झाला तो नेमका ऑलिव्हच्या हंगामाच्या तोंडावर. त्या संध्याकाळी बीप येणार नाही हे देशात कुणाला पक्कं ठाऊक असेल तर ते हयातला. तरी ती एका हाताने भाजी ढवळत होती आणि दुसऱ्या हातात फोन धरून होती. भाजी करपली. पुढचे काही दिवस तिने कसेबसे काढले. मग तिने वडिलांसाठी नवा, महागातला फोन घेतला आणि भाड्याच्या गाडीत बसून दक्षिणेची वाट धरली.

दाऊ घरी नव्हता. घाण्यावर असेल, असं शेजारच्या पोरींनी सांगितलं.

घाण्यावर अर्धं गाव लोटलं होतं. नंबर आल्याचा बीप आता येत नव्हता, म्हणून लोक पहाटेपासून पोत्यांना टेकून बसत. जो उठला त्याचा नंबर गेला. शेळीला चारा टाकायला घरी गेलेल्या म्हाताऱ्या मब्रूकाचा नंबर गेला होता आणि ती सगळ्या जगाला शिव्या घालत होती. साठवलेली फळं पोत्यात तापत होती आणि त्यांना आंबूस वास सुटला होता.

"आली!" दाऊ ओरडला. तो उठून उभाच राहिला. "म्हटलं नव्हतं मी? आता तिच्या एका शब्दात टॉवर चालू होतो की नाही बघा!"

हयातभोवती लोक जमले. बेलगासेम तेलाचे हात पुसत पुढे आला. "बरं झालं आलीस, पोरी. हे कुणाच्या डोक्यातून निघालं ते तरी सांग. कुठल्या बापाची अवलाद आहे ती? त्या बापाने जरा वळण लावलं असतं तर..."

"बाबा, जरा बाहेर या," हयात म्हणाली.

भिंतीमागे गाढवं बांधली होती. तिने खोकं उघडून नवा फोन वडिलांच्या हातात दिला. दाऊने तो उलटापालटा करून बघितला.

"याला इथे रेंज येईल?"

"गच्चीवर येईल. कधीकधी."

"मग राहू दे. ज्याने हे केलं त्याच्याशी बोल तू. एक दिवस घाण्यावर येऊन बस म्हणावं. कोण आहे तो? तुझ्या वरचा आहे का कुणी?"

हयात रिकाम्या खोक्याकडे बघत राहिली. दाऊ तिच्या तोंडाकडे बघत होता आणि हळूहळू त्याचा चेहरा उतरत गेला.

"तू?"

तिने होकाराची मान हलवली.

"आपण इथे नुसत्या रिंगा देतो, हे विसरलीस होय गं?"

"विसरले होते, बाबा. मग आठवलं. तेव्हा थांबवता आलं असतं."

त्याने एखादी थप्पड मारली असती तर तिला बरं वाटलं असतं. त्याने फोन खोक्यात ठेवला, झाकण नीट बसवलं, खोकं तिच्या हातात दिलं आणि तो आत गेला. ती मागोमाग गेली. आता बाबा सगळ्यांसमोर सांगतील, असं तिला वाटलं, आणि सांगावंच असंही वाटलं.

बेलगासेमने यंत्र बंद केलं. "काय म्हणते रे लेक, दाऊ?"

"काय म्हणणार?" दाऊ म्हणाला. "तिला तिथे विचारतो कोण? साहेबांचे कागद इकडचे तिकडे करते, त्यांना कॉफी नेऊन देते. कारकून आहे ती. मीच आपला फुशारक्या मारत होतो."

मागून कुणीतरी खुदकन हसलं.

"म्हणजे एवढी वर्षं आम्हाला बनवत होतास, म्हाताऱ्या?"

"बनवत होतो," दाऊ म्हणाला.

उठल्यामुळे त्याचाही नंबर गेला होता. तो आपलं पोतं ओढत ओढत रांगेच्या टोकाला गेला. मब्रूकाने ताज्या तेलात बुडवलेला भाकरीचा तुकडा हयातच्या हातात कोंबला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"खा, पोरी. त्यात काय लाजायचं? मोठी माणसं कुठे आपल्यासारख्यांचं ऐकतात!"

हयातने तो तुकडा तोंडात घातला. दाऊ पोत्याला टेकून बसला होता आणि तिला सोडून सगळ्यांकडे बघत होता.