दवण्याचा फुटवा

सिद्धलिंगप्पा सरांचा शोधनिबंध छापून आला त्या दिवशीही चन्नम्मानं नेहमीसारखा स्टोव्ह पेटवून त्यांना चहा करून दिला. ती सोलापुरातल्या त्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेची सहायक होती, एम.एस्सी. झालेली. निबंध अख्खा तिच्या वहीतला होता. वर नाव मात्र एकट्या सरांचं, आणि अगदी शेवटी आभार: काचसामान धुण्याच्या मदतीबद्दल कु. चन्नम्मा यांचे. चहात तिनं साखर जरा जास्तच घातली, आणि मनाशी ठरवलं की या माणसाचं नाक कापायचं, तेही चारचौघांत.

काम होतं दवण्याच्या वासाचं. दवण्याच्या पानात पाच-पाच कार्बनांचे बारके तुकडे असतात. पानातली एन्झाइमं ते एकमेकांना जोडतात. दोन जोडले की दहाची साखळी, तीन जोडले की पंधराची. मग त्या साखळीला अशी काही घडी घालतात की तिचं टर्पीन, म्हणजे वासाचं द्रव्य होतं, आणि आपण म्हणतो, वा, काय वास आहे! पण एन्झाइम मोठं नाजूक. जरा गरम झालं की अंड्यासारखं गोठून बसतं. सोलापूरच्या उन्हात त्याला टिकवायचं तर हणमंत हमालानं सायकलवरून गोणपाटात गुंडाळून आणलेल्या बर्फाच्या लादीवर खल ठेवायचा, त्यात पाला वाटायचा, आणि हात बधिर झाले तरी थांबायचं नाही. दोन वर्षं चन्नम्माचे हात बधिर होत होते. सरांचे एकदाही झाले नाहीत.

वहीत एक गोष्ट मात्र राहून गेली होती. चन्नम्माची आई रत्नम्मा अक्कलकोट रोडला विहिरीखालच्या तुकड्यात दवणा लावायची, पूजेसाठी विकायला. त्या जुड्यांना ती लेकीलाही हात लावू देत नसे.

"देवाचा माल हाय तो, तुझ्या खलात कशाला? कापल्या बुडख्यांना फुटवा आलाय की, तो घे. त्याला वास न्हाय, कुणी इचारत न्हाय."

म्हणून चन्नम्मा पहिल्यापासून फुटवाच वाटत आली, आणि वहीत लिहीत गेली नुसतं 'दवण्याचा पाला'. पुढं कधीतरी तिनं आईची नजर चुकवून भरल्या वासाची एक जुडी वाटून पाहिली, तर काही घडेचना. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. पानात वास भरला म्हणजे एन्झाइमांचं काम आटोपलं. ज्या कोवळ्या पानाला अजून वास नाही, तिथंच ती जोमानं राबत असतात. हे टिपून ठेवायला ती वही मागायला गेली, तर वही सरांच्या कपाटात कुलपाआड गेलेली.

मार्चमध्ये पुण्याच्या प्रयोगशाळेतले मोठे साहेब प्रयोग प्रत्यक्ष बघायला येणार असं ठरलं. प्रयोग जमला की सर पुण्याला मोठ्या जागेवर जाणार आणि त्या कामावरून चन्नम्माचं नाव कायमचं पुसलं जाणार, हे उघड होतं. आदल्या संध्याकाळी सर स्वतः रानात आले.

"रत्नम्मा, दवणा एक नंबरचा पाहिजे."

"ह्यो घ्या की सर. लई वास सुटलाय बघा!" रत्नम्मानं वाफ्यातला सगळ्यात भरलेला दवणा कापून दिला. सरांनी जुडी नाकाला लावली आणि डोळे मिटले. दवणा वासावरनंच पारखायचा, हे सोलापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. चन्नम्मा विहिरीशी उभी होती. तिच्या एका शब्दानं काम भागलं असतं. ती गप्प राहिली, आणि मनात तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी चक्क स्वतः पाला वाटला. खोली घमघमली. प्राचार्य, दोन प्राध्यापक आणि पुण्याचे साहेब कौतुकानं बघत होते. सरांनी रसातला मूळचा वास काढून टाकला, साहेबांनी बर्फातून आणलेला कच्चा माल, म्हणजे ते पाच कार्बनांचे तुकडे, त्यात घातला, दोन तास थांबले आणि काचपट्टीवर थेंब टाकून औषध फवारलं. तुकडे जोडले जाऊन नवं टर्पीन झालं असतं तर जांभळा ठिपका उमटायला हवा होता. पट्टी कोरी. दुपारी पुन्हा केलं, पुन्हा कोरी. सरांची कॉलर घामानं भिजली.

"काचसामान नीट धुतलेलं नसणार," सर म्हणाले. "चन्नम्मा!"

"काच स्वच्छ आहे, सर. पाला चुकलाय." ती साहेबांकडे वळली. "हे काम माझं आहे, सरांच्या कपाटातली वहीही माझीच. मी करून दाखवते."

सकाळीच तिनं फुटवा वाटून, रस साफ करून, बर्फात ठेवला होता. तिनं नळी साहेबांच्या हातात दिली. "निम्मा रस तुम्हीच उकळा. उकळलेल्यात ठिपका येणार नाही, बिनउकळलेल्यात येईल." साहेबांनी तसं केलं आणि दोन्हींत कच्चा माल घातला. दोन तासांनी एक पट्टी कोरी होती आणि दुसरीवर लखलखीत जांभळा ठिपका.

"पाला कुठला हा?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या नावानं छापायचं असेल तर सांगते."

साहेब हसले. "दोघांची नावं घालू. सर वडील माणूस, त्यांचं आधी."

"मग राहू दे."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग सरांकडे. "पत्र लिहा, सिद्धलिंगप्पा, की काम हिचं, वही हिची. आत्ता, माझ्यासमोर."

सरांनी लिहिलं. चन्नम्मानं पत्र दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा सही बघितली. मग साहेबांना बाजूला नेऊन तिनं चार वाक्यांत सगळं सांगितलं. साहेबांची मोटार गेली.

सर दारापाशी थांबले होते. आवाज पडला होता. "चन्नम्मा, मलाही सांग ना. इथं पोरांना शिकवायचंय मला. जन्मभर मी चुकीचंच वाटत बसू का?"

शब्द तिच्या ओठावर आला होता. तिला वाटलं होतं, पत्र हातात पडलं की राग निवेल. निवला नव्हता. तो निवावा असंही तिला वाटेना.

"वाटत बसा, सर," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली.